लेथ-मिलिंग नसताना घरी लोखंडी रंधा बनवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: हॅकसॉ, कानशी, हँड ड्रिल आणि एक बेंच व्हाइस एवढ्या सामानात लोखंडी रंधा होईल का, आणि तळाला दोन्ही बाजूच्या पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या तर चालतील का. रंधा होईल. वेल्डिंग मात्र करू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

पैसे वाचवायचे म्हणून हा उद्योग करणार असाल तर आत्ताच थांबा. जालंधरकडचे बिडाचे रंधे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्यातला एखादा घेऊन तळ घासून घ्या, पात्याला नीट धार लावा, निम्म्याहून जास्त कामं त्यानं होतात. मी टूलरूममध्ये उमेदवारी केलेला माणूस आहे, कानस हातात धरायला मला आवडतं, म्हणून मी करतो. तुम्हालाही तीच आवड असेल तर पुढचं वाचा.

दुकानातला तो रंधा मुळात लेनर्ड बेली या अमेरिकन माणसाच्या डिझाइनवरचा. त्याचं पेटंट १८६७ चं, आणि १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीनं ते हक्क विकत घेतले. बिडाचं ओतकाम, आत बसणारा वेगळा फ्रॉग (पातं टेकायची बैठक), पितळी चाकावर खालीवर होणारं पातळ पातं, असा तो प्रकार. घरी त्याची नक्कल करायला जाऊ नका, ओतकामापासून सगळंच बाहेरून करून घ्यावं लागेल. आपल्या कामाचा आहे तो ब्रिटिश इन्फिल रंधा: पोलादी पट्ट्यांची उघडी पेटी आणि तिच्यात ठासून बसवलेलं लाकूड. स्कॉटलंडमध्ये एअर गावी स्ट्युअर्ट स्पायर्स १८४० च्या सुमारास हे करू लागला, पुढे लंडनच्या नॉरिसनं त्यात नाव काढलं. तळ आणि बाजू त्यांनी डव्हटेलनं, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या तिरक्या दातांनी, जोडल्या. लाकडात करतो तेच डव्हटेल, फक्त लोखंडात. त्याला लागतं ते सगळं तुमच्या टेबलावर आधीच आहे.

आता वेल्डिंगचं. तळाच्या कडेनं वेल्डिंग मारलं की ते थंड होताना आकसतं आणि पट्टीला ओढून घेतं. सहा मिलिमीटरचा तळ केळीसारखा वाकतो. मग तो सपाट करायला घासत बसायचं, आणि जितका तळ घासाल तितकं रंध्याचं तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती तळातली फट, मोठं होत जातं, कारण पातं तिरकं असतं. तोंड फाकलं की बारीक कामाचा रंधा म्हणून त्याची किंमत संपली.

पहिला रंधा छोटा, सफाईचा करा. मी हे माप सुचवेन: तळ २०० मिमी लांब, ६५×६ च्या एमएस फ्लॅटमधून, म्हणजे साध्या मऊ पोलादाच्या पट्टीतून, काढलेला. बाजू ५०×५ च्या. आतली रुंदी ५१, पातं ५० रुंद आणि ५ जाड. पात्याचा कोन ५० अंश ठेवा, ४५ नको. आपल्याकडे शिसव, बाभूळ असली उलटसुलट रेषांची लाकडं हाताखाली येतात, तिथं उभा कोन लाकूड कमी उचकटतो, ढकलायला थोडा जड जातो इतकंच. वरचं दुसरं पातं, म्हणजे कॅप आयर्न, लावू नका. जाड पातं आणि अरुंद तोंड असेल तर एकपाती रंधा उत्तम चालतो, आणि पात्यात लांब खाच पाडायचं कामही वाचतं. नॉरिसनं १९१३ मध्ये पेटंट घेतलेल्या, पातं स्क्रूनं मागंपुढं करणाऱ्या ॲडजस्टरचाही मोह पहिल्या रंध्यात नको. आपले सुतार पिढ्यान् पिढ्या हातोडीच्या टिचकीनं पातं लावत आलेत.

डव्हटेल आखताना बाजूच्या पट्टीच्या खालच्या कडेला दात येतात, ते खाली रुंद होत गेलेले. तळाच्या कडेला त्यांच्या मापाच्या खाचा. एवढ्यानं बाजू वर उचलली जात नाही, पण आडवी ओढली तर सुटते. म्हणून बाजूच्या दोन दातांमधल्या गाळ्याच्या कडा बाहेरच्या अंगाला कानशीनं किंचित तिरक्या करायच्या. तळाची रुंदी ६३ ठेवायची, म्हणजे जोडल्यावर तळाचे दात दोन्हीकडे एकेक मिमी बाहेर डोकावतात. ते ठोकले की लोखंड पसरून त्या तिरक्या जागेत भरतं, आणि मग सांधा कुठल्याच दिशेनं निघत नाही. बाजूचे दातही खालून अर्धा-एक मिमी जास्त ठेवा, तेही तसेच ठोकायचे.

इथं एक गोष्ट आखतानाच सांभाळा. रंध्याचं तोंड ५१ रुंद, तळ जेमतेम त्याहून दहा-बारा मिमी जास्त. तोंडाच्या दोन्ही टोकांसमोर तळाचा भरीव दात आला पाहिजे. तिथं चुकून खाच आली तर तळाचे सरळ दोन तुकडे होतील.

ठोकण्याआधी आत बरोबर ५१ मिमीचा लोखंडी किंवा कडक लाकडाचा ठोकळा घालून सी-क्लॅम्पनं आवळा, नाहीतर बाजू आत झुकतात. बॉलपीन हातोडीनं हलके, जवळजवळ ठोके मारायचे. जोर लावला की लोखंड पसरायच्या ऐवजी कड तुटते. नंतर कानशीनं सगळं पातळीत आणा. एमएसला एमएस असेल आणि काम नीट भरलं असेल तर सांधा डोळ्याला दिसत नाही. बाजू पितळी घेतल्या तर पिवळ्या-पांढऱ्याचे दात छान दिसतात, पण मग प्रत्येक चूकही तितकीच छान दिसते.

कानशीला आधी खडू चोळून घ्या. लोखंडाचे कण दातांत अडकतात आणि तळावर खोल ओरखडा काढतात, खडूनं ते बरंच टळतं. शेवटचे हात कानस आडवी धरून, दोन्ही हातांनी पुढंमागं ओढत मारा.

तोंड डव्हटेलच्या आधी पाडायचं, तळ मोकळा असताना. तीन मिमीच्या भोकांची रांग पाडून मधलं लोखंड काढा, मागची कड ५० अंशाला घासा. पुढची कड मुद्दाम अर्धा मिमी कमी घासून ठेवा. सगळा रंधा तयार झाल्यावर, पातं बसवून, उजेडाकडे धरून ती थोडी थोडी मोकळी करायची. तयार रंध्यात पात्यापुढची फट दोन-तीन दशांश मिमीपेक्षा जास्त नको. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, असतील तर उत्तम.

आतल्या लाकडासाठी नवं लाकूड घेऊ नका. जुन्या बाजारात मोडक्या पलंगाचे शिसवी पाय मिळतात, त्यात दशकांचा सुकवा असतो. अर्धवट ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि सैल होतं, पावसाळ्यात फुगून बाजू बाहेर ढकलतं. अ‍ॅराल्डाइट लावून बसवा आणि शिवाय बाजूंतून पाच मिमी सळईचे आरपार रिवीट मारा. पातं टेकतं ती मागच्या लाकडाची उतरंड तळाच्या घासलेल्या कडेशी एका पातळीत हवी. पात्याच्या पाठीला प्रशियन ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून दाबून बघा: खाली तोंडाशी आणि वर लिव्हर कॅपच्या, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या तुकड्याच्या, स्क्रूखाली डाग उमटला पाहिजे. मध्ये केसभर पोकळ असेल तर हरकत नाही. फक्त मध्ये टेकत असेल तर पातं थरथरतं आणि लाकडावर आडव्या लाटा उमटतात. अशा रंध्याला लोक धार लावत बसतात, दोष धारेत नसतोच.

लिव्हर कॅप जाड पितळेच्या तुकड्यातून काढा. बाजूंतून आठ मिमीची सळई आरपार, तिच्यावर कॅप फिरते, वर एक एम-८ चा स्क्रू. स्क्रू आवळला की कॅपचं नाक पात्याला खाली दाबतं. सळईचं भोक कुठं पाडायचं ते कागदावर ठरवू नका, पातं आणि कॅप जागेवर धरून मग खूण करा.

पात्यासाठी ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं हत्यारांचं पोलाद, घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही एमआयडीसीजवळच्या स्टीलवाल्याकडे सपाट पट्टी मिळते. ट्रकच्या कमानपाट्याची पाती गावाकडचे लोहार बनवतात आणि ती चालतातही, पण त्या पोलादात कार्बन कमी असल्यानं धार तितकी टिकत नाही. पाणी द्यायचं, म्हणजे पातं तापवून कडक करायचं, काम हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या, साठ एचआरसी (कडकपणाचं माप) सांगा. घरीच करायचं असेल तर धारेकडचा तीन-चार सेंटिमीटर भाग लाल करा. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडा तापवा आणि कोमट तेलात सरळ उभा बुडवा, तिरका बुडवला तर पातं वाकतं. हे अंगणात करा, तेल पेट घेतं. कानस त्यावरून घसरली म्हणजे कडक झालं. लगेच ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, २०० अंशाला तासभर ठेवा, घासलेल्या जागी फिकट पिवळा रंग येतो. हे टाळलं तर धार काचेसारखी ठिसूळ राहते आणि पहिल्याच गाठीवर टवके उडतात.

शेवटी तळ सपाट करायचा तो बारा मिमी काचेवर एमरी पेपर चिकटवून. पातं आत ओढलेलं, पण लिव्हर कॅप कामाच्या वेळी असते तितकीच आवळलेली ठेवून. त्या दाबानं तळ किंचित हलतो, म्हणून मोकळा घासलेला तळ आवळल्यावर सपाट राहीलच असं नाही. तीन जागा महत्त्वाच्या: पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी, मागचं टोक. मध्ये कुठं खोलगट राहिलं तर सोडून द्या.

पातं लावताना रंधा सपाट फळीवर ठेवा, पातं टेकू द्या, स्क्रू बेताचा आवळा आणि वरून पात्याच्या टोकावर छोट्या पितळी हातोडीनं टिचकी मारा. आधी सागावर चालवा. पातळ, सलग छिलका निघायला लागला की शिसवाच्या उलट्या रेषेवर न्या. तिथं लाकूड उचकटलं तर आधी धार बघा, मग तोंडाची फट. दोन किलोच्या आसपास वजन होईल, त्यामुळे वरून दाबायची गरज नाही, नुसता ढकला.

कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर रोज काम संपल्यावर तळावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा, आणि रंधा भुशात किंवा छिलक्यांत पडू देऊ नका, ओला भुसा एका रात्रीत गंज चढवतो.