आधी दोनच कण फिरव

संगणकावर दीर्घिकांची टक्कर घडवायची आहे ना? मग थेट लाखभर कणांच्या दीर्घिका एकमेकींवर आदळवू नकोस. आधी सूर्य-पृथ्वी घे, हजार फेऱ्या फिरव आणि एकूण ऊर्जेचा आलेख काढ. ऑयलरच्या साध्या पद्धतीत, म्हणजे आताच्याच वेगाने छोटी छोटी पावलं पुढे टाकत गेलास तर, कक्षा फुगत जाते. लीपफ्रॉगमध्ये, म्हणजे स्थिती आणि वेग अर्ध्या पावलाच्या फरकाने आळीपाळीने पुढे नेलेस तर, ऊर्जा जराशी वरखाली होते, पण भरकटत नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघच.

मग भरती-ओहोटीचं बल, म्हणजे जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी ओढ बसल्याने येणारा ताण. खगोलशास्त्रज्ञ टूमरे बंधूंनी १९७२मध्ये एकमेकांना न ओढणारे सुमारे १२० कण केंद्राभोवती फिरवले, शेजारून दुसरं केंद्र नेलं, आणि दीर्घिकांच्या त्या लांब शेपट्या निघाल्या! तेवढं तुझ्या लॅपटॉपवर सहज होतं.

आणि हो, नागपूरचा मे आहे. दुपारी माझा लॅपटॉप तापून बंद पडायचा, सगळी मेहनत पाण्यात. मोठं गणित रात्री लाव, अधूनमधून कणांची स्थिती-वेग फाइलमध्ये साठवत जा.