हडप्पाची 'मुद्रा' म्हणजे नाणे नव्हे

प्रश्न बडोद्याहून आला आहे. गुजरातेतल्या लोथल या हडप्पाकालीन नगराच्या सहलीआधी एक बाई मुलांसाठी मराठीत टिपण करताहेत. मुले गुजराती शाळेतली, त्यामुळे 'सिक्को' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे नाणे येते. मग हडप्पाकालीन कोरीव दगडी वस्तूला शिक्का म्हणावे, मोहोर म्हणावे की मुद्रा?

मुद्रा म्हणा. आणि तिने ओल्या मातीवर उमटवलेल्या खुणेला ठसा म्हणा. 'शिक्का' मराठीत चुकीचा नाही, पण बडोद्यात तो टाळलेलाच बरा.

घोटाळ्याचे मूळ असे, की हे तिन्ही शब्द कधी ना कधी नाण्याकडे सरकले आहेत. अरबी 'सिक्का' म्हणजे टांकसाळीतला साचा, ज्याने चकतीवर छाप उठते तो. गुजरातीत तोच शब्द नाण्याला रूढ झाला, तरी 'सही-सिक्का' या जोडीत छापाचा अर्थ टिकून आहे. मराठीने छापच धरून ठेवला. शिक्कामोर्तब या शब्दात तर शिवकालीन पत्राचा अख्खा रिवाज आहे: माथ्यावर राजमुद्रेचा शिक्का आणि मजकूर संपला तिथे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडायला नको. फारसी 'मोहोर'सुद्धा मुळात छापच. आपण सोन्याच्या नाण्याला मोहोर म्हणतो, पण 'मोहोरबंद'मध्ये जुना अर्थ शाबूत आहे. मुद्रा हिंदीत चलनाच्या अर्थी धावते. मराठीत मात्र नाण्याला नाणे हा स्वतंत्र शब्द आहे, म्हणून मुद्रा मोकळी राहते. तिचा उपयोग करून घ्यावा.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 'सिंधूकालीन सिक्के' असे वाचले की मूल समजते, तेव्हा नाणी होती. ती नव्हती. नगरांचा भरभराटीचा काळ इ. स. पू. २६०० ते १९००, आणि भारतातली आहत नाणी, म्हणजे धातूच्या तुकड्यावर ठसे मारून केलेली, त्यानंतर हजारएक वर्षांनी आली. व्यवहार मोजायला त्यांच्याकडे चर्ट दगडाची घनाकार वजने होती. लहान वजने १, २, ४, ८, १६ अशी दुपटीने वाढत जातात, त्यांतले सोळापटीचे सुमारे १३.७ ग्रॅमचे.

मुद्रा काय करी, हे लोथललाच उत्तम कळते. पोत्याची किंवा गाठोड्याची दोरी बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर मुद्रा टेकवायची. माल उघडायचा तर गोळा फोडावाच लागतो. लोथलची वखार जळाली तेव्हा असे गोळे भाजून निघाले, म्हणून उरले. एरवी कच्ची माती विरघळून जाते. त्यांच्या पुढच्या अंगावर मुद्रेचा ठसा आहे आणि पाठीवर दोरीचा पीळ, विणलेले कापड, बोरू यांच्या खुणा. मुलांना ही पाठ आवर्जून दाखवा. व्यापार तिथे दिसतो.

मुद्रा ओळखायची कशी? बहुतेक मुद्रा शंखजिरे या मऊ दगडाच्या, चौकोनी, बाजू साधारण २ ते ४ सेंटिमीटर. हा दगड नखाने ओरखडतो, म्हणून कोरायला सोपा. कोरल्यावर भट्टीत तापवला की टणक होतो. मागे घुंडी असते आणि तिला दोरा ओवायला भोक. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने खणलेल्या बगसरा इथे एकशृंगी प्राण्याची एक मुद्रा मिळाली, तिला मागे चक्क कप्पा आहे. घुंडी नाही म्हणून ती मुद्रा नाही असे मात्र नव्हे.

सर्वांत जास्त चुका छायाचित्रांमुळे होतात. मुद्रेवर कोरीव काम खोलगट आणि उलटे असते, ठशात ते उठावदार आणि सुलटे. पुष्कळ पुस्तकांत शेजारी छापलेला ठसा आजच्या काळात घेतलेला असतो, त्याच्याखाली 'मुद्रा' लिहू नये. ठशात एकशृंगी बहुधा उजवीकडे तोंड करून असतो. चिन्हांचा क्रम ठशावरच पाहावा, कारण लिपी उजवीकडून डावीकडे जाते. काही ठिकाणी जागा संपत आल्याने डाव्या कडेला चिन्हे दाटलेली दिसतात. मुद्रेचाच फोटो पाहून क्रम उतरवला तर तो नेमका उलटा येतो.

मातीच्या गोळ्याला 'मुद्रांक' म्हणण्याचा मोह होईल, पण मराठीत मुद्रांक म्हटले की खरेदीखताचा कागदच आठवतो. टिपणात 'ठसा उमटवलेला मातीचा गोळा' असे लांबलचक लिहिले तरी चालेल.