घड्याळावर झोप मोजताना

भावा, झोप मोजणारं स्मार्ट घड्याळ घेतलंस, छान. पण ‘गाढ झोप’चे आकडे बघून लगेच घाबरू नको. मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून ते अंदाज बांधतंय. मेंदूतलं त्याला काय कळणार? पट्टा हाडाच्या जरा वर बांध, सैल असला की रीडिंग गंडतं.

स्मार्ट अलार्मला ३० मिनिटांची मुभा दिलीस तर साडेपाचच्या गजराला पाचलाही उठवेल, हलकी झोप बघून. मला खानापूरहून बेळगावची सकाळची गाडी धरायची असते, म्हणून फोनचा साधा गजर वेगळा लावतोच की. आधी तो लावत नव्हतो, तेव्हा एकदा रात्रीत घड्याळाची बॅटरी संपली, आणि मी पावसात कांबळं ओढून सातपर्यंत घोरत पडलो! तेव्हापासून जेवताना चार्जिंगला लावतो. फोन उशाखाली नको, तापतो. खिडकीत ठेव, बंद करायला तरी उठावं लागतंय.