नव्या डेस्कटॉपचा आवाज: 360 मिमी लिक्विड कूलर घेण्याआधी

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: रायझन 7 7700 प्रोसेसर, त्याच्याच पेटीतून आलेला रेथ प्रिझम कूलर, आरटीएक्स 4060, बी650 मदरबोर्ड, समोर अखंड काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे असलेले कॅबिनेट. वास्तव्य नागपूरला, आणि काम घरीच निवेदनाचे ध्वनिमुद्रण करण्याचे. नुसता ब्राउझर उघडला तरी पंखा एकदम चढतो आणि लगेच उतरतो, आणि मुद्रणात तुमच्या आवाजामागे सतत घरघर येते, ही तक्रार. 360 मिमीचा लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून रेडिएटरमधून उष्णता बाहेर टाकणारा) घ्यावा की मोठा एअर कूलर (नुसत्या धातूच्या पात्यांवर आणि पंख्यावर चालणारा), हा प्रश्न.

माझे मत विचाराल तर लिक्विड घेऊ नका, आणि एअर कूलरसुद्धा खाली सांगितलेले बदल करून पाहिल्यानंतरच घ्या, कारण तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग कूलरचा नसून सेटिंगचा आणि समोरच्या काचेचा आहे.

आधी उष्णतेचा हिशोब पाहू. 7700 वर 65 वॅट लिहिलेले असते, तरी पूर्ण भाराखाली तो 88 वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, त्यापुढे मात्र मूळ सेटिंगमध्ये जात नाही. ही उष्णता फार नाही. अडचण तिच्या प्रमाणाची नसून जागेची आहे: तिचा बहुतांश भाग सुमारे 70 चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या एका चकतीतून बाहेर पडतो, आणि एएम5 (तुमच्या बोर्डावरचे सॉकेट) प्रोसेसरवरचे धातूचे झाकण बऱ्यापैकी जाड असल्यामुळे पहिला अडथळा तिथेच येतो. झाकणाच्या वर तुम्ही कितीही मोठा रेडिएटर लावला तरी झाकणाच्या आतला अडथळा तेवढाच राहतो. म्हणून 88 वॅटच्या प्रोसेसरवर 360 मिमी लिक्विड आणि चांगला दुहेरी मनोऱ्याचा (धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला) एअर कूलर यांच्यातला फरक मोजक्याच अंशांचा असतो. त्या अंशांसाठी तुम्ही एक पंप घरात आणता, जो संगणक चालू असेपर्यंत कधीच थांबवता येत नाही. एअर कूलरचा पंखा निवांत कामात मिनिटाला 500 फेऱ्यांवर आणता येतो आणि त्या वेगाला तो जवळपास ऐकू येत नाही. पंपाचा बारीक, एकसुरी आवाज मात्र शांत खोलीतच जास्त जाणवतो, आणि तुम्हाला तर शांत खोलीच हवी आहे. तुमच्याकडे 230 वॅटपर्यंत जाणारा 7950एक्स असता तर मी वेगळे लिहिले असते.

आता पंख्यांविषयी, कारण शांततेचे खरे गणित इथे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्यातून जाणारी हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. त्याच वेगाचा दुसरा तसाच पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. म्हणजे 1400 फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी 700 फेऱ्यांचे दोन पंखे लावले तर एकूण हवा तेवढीच राहून आवाज अंदाजे 12 डेसिबलने कमी होतो, आणि 10 डेसिबलचा फरक कानाला निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो. रेथ प्रिझमची मर्यादा नेमकी हीच आहे की त्याचा पंखा लहान आणि हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा पात्यांचा ठोकळा) बेताचा, त्यामुळे तेवढीच हवा फेकण्यासाठी त्याला वेगाने फिरावे लागते. त्याच्या अंगावर एल आणि एच असे लिहिलेली एक छोटी खटकी असते. ती एचवर असेल तर आज रात्रीच एलवर करा. अनेकांना ती आहे हेच ठाऊक नसते.

पंखा चढण्या-उतरण्याचे कारण असे की हे प्रोसेसर एखाद्या क्षुल्लक कामासाठीही एक-दोन गाभे (कोर) क्षणभर 5 गिगाहर्ट्झच्या वर नेतात, आणि त्या क्षणापुरते तापमान 45 वरून 65 वर उडी मारून परत येते. हीटसिंक तेवढ्या वेळात तापलेलाही नसतो. पण मदरबोर्ड ते आकडे पाहून पंखा पळवतो. मुद्रणात सतत चालणाऱ्या मंद आवाजापेक्षा हा बदलणारा आवाज जास्त त्रास देतो, कारण सलग आवाज संपादनात बऱ्यापैकी काढता येतो, चढउतार काढता येत नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्यांच्या पानावर जाऊन प्रोसेसरच्या पंख्याची रेषा 65 अंशांपर्यंत 30 टक्क्यांवर सपाट ठेवा, 75 ला 45 टक्के, 85 ला 70 टक्के आणि 90 ला पूर्ण वेग द्या. तिथेच वेग वाढण्याआधी किती वेळ थांबायचे याचे सेटिंग असते. आसुसच्या बोर्डावर ते स्टेप अप टाइम या नावाने सापडेल, इतरांकडे नाव वेगळे असेल. ते शक्य तितके लांबवा. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंश आहे आणि त्याच्या जवळ गेल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे 80 चा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

इथे नागपूरचा मुद्दा लक्षात घ्यावाच लागेल. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा 20 ते 25 अंशांच्या खोलीतले असतात. कूलर जे ठरवतो ते खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंशांनी वर राहील एवढेच. 22 अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर 62 दाखवतो, तोच 38 अंशांच्या खोलीत 78 दाखवणार. त्यामुळे डिसेंबरात नीट बसवलेली रेषा मेमध्ये पुन्हा गोंगाट करू लागते आणि लोकांना वाटते की प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट सुकली. मुद्रणाच्या वेळी तुम्ही छताचा पंखा आणि पाण्याचा कूलर दोन्ही बंद करत असणार, म्हणजे खोली तापत जाते आणि ज्या आवाजाखाली संगणक एरवी झाकलेला असतो तोही जातो. रेषा ठरवायची तर याच परिस्थितीत, उन्हाळ्यातल्या दुपारी, खोली बंद करून ठरवा. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र येऊ देऊ नका. गार हवा चांगलीच, पण तिच्याबरोबर बारीक तुषार आणि क्षार आत जातात. खोलीच्या याच तापमानामुळे बिनपंख्याच्या हीटसिंकचा विचारही आपल्याकडे नको. नॉक्टुआचा एनएच-पी1 हा उत्तम बनवलेला आहे, परंतु विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी नाही.

मुद्रणापुरती एक वेगळी सोय करून ठेवता येते. विंडोजमध्ये नवा पॉवर प्लॅन बनवून प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के ठेवली की क्षणिक वेगवाढ बंद होते आणि प्रोसेसर 3.8 गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. निवेदन टिपायला एवढा वेग पुरून उरतो, आणि उड्या थांबल्यामुळे पंखा एकाच वेगाला स्थिर राहतो. संपादन आणि रेंडर करताना नेहमीच्या प्लॅनवर परत या. जड कामातही उष्णता कमी हवी असेल तर बायोसमधला इको मोड (प्रोसेसरची वीज कमी ठेवणारे सेटिंग) 45 वॅटवर ठेवून पाहा. वेग थोडा घटतो, आवाज त्याहून बराच जास्त घटतो.

घरघर फिल्टरने का जात नाही, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरत असेल तर पात्यांचा सूर 150 हर्ट्झला येतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर याच पट्ट्यात असतो. 80 हर्ट्झखालचे कापणारा फिल्टर त्याला हातही लावत नाही. म्हणून संगणक टेबलावरून खाली घ्या, कार्डिऑइड (समोरचे टिपणारा, मागचे कमी टिपणारा) मायक्रोफोन असेल तर त्याची पाठ संगणकाकडे करा, आणि यूएसबीची केबल तीन मीटरची घेऊन दोघांतले अंतर वाढवा. खर्च फारसा नाही, आणि या एका बदलाने जे साधते ते महाग पंख्यानेही साधत नाही.

आता समोरची काच. एक चाचणी करून पाहा. संगणकावर दहा मिनिटे सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणी प्रोग्राम) चालवून तापमान आणि पंख्याचा वेग टिपून घ्या. मग समोरची काच काढून, बाकी काहीही न बदलता, तेच पुन्हा करा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले तर तुमचे पंखे हवेसाठी कडेच्या फटींवर अवलंबून आहेत, आणि अशा ठिकाणी नवा कूलर आणला तरी तोही आतलीच गरम हवा फिरवत बसणार. फटीतून ओढलेली हवा शीळही घालते. अशा वेळी पैसे आधी जाळीच्या दर्शनी भागाच्या कॅबिनेटवर घालवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. समोर 140 मिमीचे दोन पंखे 600 ते 700 फेऱ्यांवर, मागे 120 मिमीचा एक, एवढे तुमच्या संगणकाला पुरे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली तर धूळ फिल्टरवरच अडते. तो फिल्टर मात्र महिन्याला झटकायला हवा.

एवढे करूनही आवाज नको तितका राहिला तर एअर कूलर घ्या. 88 वॅटसाठी डीपकूलचा एके400 हा एकेरी मनोरा पुरतो. माझी पसंती मात्र थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन 120 एसईला आहे, कारण त्याला सहा हीटपाइप (उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या) आणि 120 मिमीचे दोन पंखे आहेत, आणि तुमच्यासारख्या भाराला ते 700-800 फेऱ्यांवर सहज भागवतात. दोघांचीही उंची 155 मिमी आहे. नॉक्टुआचा एनएच-डी15 आणखी शांत ठरू शकतो, पण तो 165 मिमी उंच आहे, आणि 7700 साठी त्याची किंमत मला पटत नाही. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती पाहूनच मागवा. तुमच्या रॅमवर रंगीत दिव्यांची उंच पट्टी असेल तर पुढचा पंखा थोडा वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची तेवढी वाढते, हेही धरून चला.

ग्राफिक्स कार्डाकडे फारसे पाहावे लागणार नाही. 4060 ची कमाल मर्यादा 115 वॅट आहे आणि बहुतेक उत्पादकांच्या कार्डांचे पंखे हलक्या कामात थांबलेलेच असतात. एसएमपीएसचेही तेच. जुनी 7200 फेऱ्यांची हार्डडिस्क आत असेल तर ती 120 हर्ट्झचा गुंजारव पत्र्यात उतरवते. तिला रबरी बुशांवर बसवा किंवा मुद्रणाच्या खोलीबाहेर न्या.

कूलर बदलताना आधी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, जुना कूलर सरळ वर न ओढता हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. रेथ प्रिझमच्या हुकांसाठी असलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या चार स्क्रू काढून उचलाव्या लागतात. मागची धातूची पट्टी मात्र तशीच ठेवायची, नव्या कूलरचे स्क्रू तिच्यातच बसतात. झाकण स्वच्छ पुसून मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट घाला. एएम5 च्या झाकणाला कडेने खाचा असतात आणि थोडी पेस्ट त्यांत उतरतेच. वीज न वाहणारी साधी पेस्ट असेल तर त्याने काही बिघडत नाही, फक्त लिक्विड मेटल (वीज वाहणारी द्रव धातूची पेस्ट) तिथे कदापि वापरू नका. स्क्रू एका बाजूला पूर्ण न आवळता आळीपाळीने दोन-दोन फेरे देत घट्ट करा, आणि पहिल्यांदा सुरू करताना बायोसमध्येच पाच मिनिटे थांबून तापमान स्थिर होते की चढतच जाते ते पाहा. चढतच गेले तर बहुधा कूलरच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक पट्टी काढायची राहिलेली असते.