भट्टीची उचल आणि 10 गुंठे भेंडी

सप्रेम आशीर्वाद.

ठाण्याहून रोज आसनगाव लोकल धरून शहापूरच्या पाड्यांवर तू तरुणांच्या शेती प्रशिक्षणाचं काम बघणार आहेस. प्रमाणपत्रं किती वाटली ते कार्यालय विचारेलच. तू घराघरात एवढंच विचार: यंदा भट्टीची उचल, म्हणजे वीटभट्टीच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली का, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त?

भात विकून देणी भागवली की हात रिकामे. मुकादम उचल देतो आणि अख्खं घर, शाळेतल्या पोरांसकट, भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. शिकून आलेला मुलगाही त्याच ट्रकमध्ये चढतो. म्हणून पीक ठरवताना एकच बघायचं, दिवाळी ते होळी घरात रोकड येते का.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला 10 गुंठे भेंडी लावली तर पहिला तोडा साधारण 50 दिवसांनी मिळतो. हे 50 दिवसच घर मोडतात. शेजारी 2 गुंठ्यांत मेथी आणि माठ आठवड्याच्या अंतराने टाकायला लाव, महिन्याभरात जुड्या विकायला येतात. भेंडीचा तोडा एक दिवसाआड, लग्न असो की जत्रा. चुकला की शेंग जून होते आणि पुढचं फळ कमी लागतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसेल त्या दिवशी उपटायचं. तो विषाणू पांढरी माशी पसरवते, रोगट झाड कुठल्याच औषधाने सुधारत नाही. दुकानदार मात्र उधारीवर फवारण्या देत राहतो.

समजा 40 किलोचा तोडा, भाव 25 रुपये. झाले 1,000. एकट्याने वाशीच्या घाऊक बाजाराला टेम्पो केला तर भाड्यातच जातील. पाच-सहा घरांचा माल एका गाडीत भरा, थोडा असेल तर शहापूरच्या बाजारातच विका. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, वाचायला शिकव: हमाली किती, तोलाई, म्हणजे वजनाची मजुरी, किती. भाजीपाल्याची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराने द्यायची असते, शेतकऱ्याच्या पट्टीत ती कापलेली दिसली तर तिथेच विचारायचं.

ठिबकचं अनुदान बहुधा खर्च झाल्यावर खात्यात येतं, तोवर सावकाराचं व्याज चालू. त्यात सातबारा आजोबांच्याच नावावर, म्हणून अर्जही अडतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सातबारा मागव. वारस नोंद राहिली असेल तर ते काम आधी.

राहिलं पाणी. भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात, पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात! दिवाळी झाली की दोरीला दगड बांधून विहिरीतलं पाणी मोज, आठवड्याने पुन्हा मोज. उपसा नसताना हातभर उतरलं असेल तर भेंडी 5च गुंठे, बाकीच्या भातखाचरात ओल आहे तोवर वाल.