एकशे आठ नगांची पेटी की मोजके चांगले पाने?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरची मोटारसायकल, पॉवर टिलर, विहिरीवरची मोटर आणि गुऱ्हाळाचे जुने डिझेल इंजिन एवढ्या कामांसाठी पाच हजारांच्या आत नट-बोल्ट फिरवायचे पाने (स्पॅनर) घ्यायचे आहेत. निपाणीचा दुकानदार एकशे आठ नगांची पेटी पुढे करतो आहे, मित्राच्या मते एका मोठ्या स्क्रू पान्यात (ज्याचे तोंड लहानमोठे करता येते) सगळे भागते, आणि आजोबांच्या ट्रंकेत ‘३/८ डब्ल्यू’ असे कोरलेले काही पाने सापडले आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपच्या देखभाल खात्यात माझी ३१ वर्षे गेली, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

पेटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकशे आठ हा आकडा कसा भरतो ते एकदा पेटी उघडून मोजून पाहावे. निम्म्याहून अधिक नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट आणि ४ ते ९ मिलिमीटरच्या बारीक गोट्या (सॉकेट) असतात, ज्यांना आपल्या टिलरवर किंवा मोटरवर फारसे काम नाही. आणि ज्या १७ नि १९ च्या गोट्यांवर खरा जोर येणार, त्या त्याच हलक्या पोलादाच्या असतात. अशीच एक पेटी मी २००९ साली मुलाच्या हट्टापायी घेतली होती. तिसऱ्या महिन्यात रॅचेटचे, म्हणजे गोटी एकाच दिशेने फिरवणाऱ्या दांड्याचे, दात सुटले आणि चाकाच्या नटावर १७ ची गोटी उभी चिरली. दुकानदाराने बदलून देण्याचे नाकारले, ते वेगळेच.

पान्याचे मोल त्याच्या तोंडात असते. नव्या एम ८ (म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टच्या षटकोनी डोक्याची रुंदी १३ मिलिमीटर असते, प्रत्यक्षात केसभर कमीच. चांगल्या पान्याचे तोंड त्यावर हाताने सहज बसते, पण बसल्यावर खेळ जवळजवळ जाणवत नाही. तोंड सैल असले किंवा जोर येताच फाकले, तर सगळा भार नटाच्या सपाट बाजूंवरून सरकून कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. गोल झालेला नट काढण्यात जो दिवस जातो, त्याची किंमत कोणत्याही पेटीपेक्षा जास्त असते.

ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो. आमचे मिस्त्री कानडी बोलणारे, आणि पाना मागताना आकडा नेहमी कानडीत सांगायचे: हत्तु म्हणजे १०, हदिमूरु म्हणजे १३, हदिनाल्कु म्हणजे १४. एकदा ते लेथच्या खाली पाठीवर पडलेले होते आणि त्यांनी हात बाहेर काढून ‘हदिमूरु’ म्हटले. मी गोंधळून १४ चा रिंग (बंद कड्याच्या तोंडाचा) पाना दिला. त्यांनी तो आत नेला, नटावर टेकवला, एकदाच डावी-उजवीकडे हलवला आणि जोर न लावता तसाच परत माझ्या हातात ठेवला. वर लिहिलेला आकडा त्यांनी पाहिला नव्हता, त्या अंधारात तो दिसण्यासारखाही नव्हता. दुकानात पाने निवडताना आपणही हेच करावे. खिशात एम ६, एम ८ आणि एम १० चे तीन नवे बोल्ट न्यावेत, प्रत्येक पाना त्यावर बसवून हलवून पाहावा, आणि ज्या दुकानदाराला याचा राग येईल त्याच्याकडून घेऊ नये.

आता मापांविषयी, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्या मोटारसायकलची आणि पॉवर टिलरची घडण मुळात जपानी वळणाची असेल, तर त्यावर १०, १२, १४ आणि १७ हे आकडे वारंवार येतील, कारण जपानी पद्धतीत एम ८ बोल्टचे डोके १२ चे आणि एम १० चे १४ चे असते. विहिरीवरची मोटर, तिच्या पायाचे बोल्ट आणि पाईपच्या फ्लँजा (जोडाच्या चकत्या) मात्र आपल्याकडच्या बाजारातल्या बोल्टांनी आवळलेल्या असतात. तिथे एम ८ ला १३, एम १० ला १७ आणि एम १२ ला १९ हे जुने माप चालते, तर नव्या आंतरराष्ट्रीय मापाचे बोल्ट असल्यास एम १० ला १६ आणि एम १२ ला १८ लागतो. एम १६ ला दोन्हीकडे २४. म्हणून एकाच शेतात १२, १३, १४ असे तिन्ही पाने लागतात. खरेदीला निघण्यापूर्वी एक दिवस वहीत चारही यंत्रांवरचे नट मोजून लिहून ठेवावेत. व्हर्नियर नसेल तर शेजाऱ्याचे पाने तासभर उसने आणावेत.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्यांदा आठ नगांचा दुतोंडी फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यांचा संच, म्हणजे ६×७ पासून २०×२२ पर्यंत. त्याबरोबरच त्याच मापांचा रिंग पान्यांचा संच. दोन संच एकाच मापांचे कशाला, असे वाटेल. पण बोल्ट फिरू नये म्हणून एका बाजूने धरावा लागतो आणि दुसऱ्या बाजूने नट फिरवावा लागतो, दोन्ही १३ चेच असतात, आणि फिक्सच्या संचात १३ एकच असतो. आवळलेला नट पहिल्यांदा सोडवायला रिंग घ्यावी, कारण ती सर्व कोपऱ्यांना वेढते. सुटल्यावर भराभर काढायला फिक्स. फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंश तिरके असते. जागा अडचणीची असली की प्रत्येक फेरीला पाना उलटा करायचा, म्हणजे ३० अंशांच्या फटीतही नट फिरतो. मी पाहिलेल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसते आणि ते पान्यालाच शिव्या देतात.

त्यानंतर पैसे उरले तर अर्ध्या इंचाच्या चौकोनी दांड्याचे रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, आणि आपल्या वहीत आलेल्या मापांच्याच सुट्या गोट्या. गोट्या सहा कोनी घ्याव्यात. बारा कोनी गोटी बसवायला सोयीची असते, पण गंजलेल्या नटावर सहा कोनीच तग धरते. रॅचेटने कधीही अडकलेला नट सोडवू नये. त्यासाठी साधा टी किंवा आडवा दांडा वापरावा आणि नट ढिला झाल्यावर रॅचेट लावावे. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेले असणे चांगले, मात्र हल्ली ते काहीही विकणारे छापतात, त्यामुळे भरवसा तीन बोल्टांच्या परीक्षेवरच ठेवावा. नाशिकच्या टपारियाचे पाने आमच्या खात्यात वर्षानुवर्षे वापरले गेले आणि मला त्यांबद्दल तक्रार नाही. त्याच तोडीचे इतरही देशी पाने मिळतात.

स्क्रू पान्याबद्दल आपल्या मित्राचे म्हणणे अगदीच चूक नाही. आज आपण जो ओळखतो त्या घाटाचा स्क्रू पाना स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९२ च्या सुमारास पेटंट केला, आणि एका पान्यात अनेक मापे बसावीत हाच त्याचा हेतू होता. पण त्याचा एक जबडा सरकता असल्यामुळे खेळ कधीच पूर्ण जात नाही. एक ठेवावा, पाईपच्या सांध्यांना आणि अवचित मापांना कामाला येतो. वापरताना सरकता जबडा ज्या बाजूला, त्या बाजूला पाना फिरवावा, म्हणजे मुख्य भार स्थिर जबड्यावर येतो.

पाईप घालून पाना लांब करण्याच्या सवयीविषयी सांगणे भाग आहे. १३ चा पाना साधारण १६-१७ सेंटिमीटर लांब असतो आणि ती लांबी विचार करून ठेवलेली असते: डोक्यावर ८.८ (हा मजबुतीचा दर्जा) कोरलेल्या एम ८ बोल्टला सुमारे २५ न्यूटन-मीटर आवळ (फिरवण्याचा जोर) पुरतो, आणि त्या लांबीवर पंधरा किलोच्या आसपास ओढ दिली की तो मिळतो. पाईपने लांबी दुप्पट केली की तीच ओढ बोल्ट ताणते किंवा आटे घेऊन जाते. मी स्वतः असा एक स्टड इंजिनच्या ब्लॉकमध्ये तोडला आहे, आणि उरलेला तुकडा ड्रिलने काढता काढता संध्याकाळ झाली होती. नट सुटत नसेल तर डिझेल आणि जुने ऑइल मिसळून रात्रभर मुरू द्यावे, सकाळी हातोडीने हलके ठोके द्यावेत, मग रिंग लावावी.

राहिले आजोबांचे पाने. ते भंगारात देऊ नयेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ठरवलेली इंग्रजी आट्यांची पद्धत. तिच्या आट्यांचा कोन ५५ अंश, आपल्या आजच्या मेट्रिकचा ६०. त्या पान्यावरचा ३/८ हा आकडा तोंडाच्या रुंदीचा नाही, तर बोल्टच्या जाडीचा आहे, म्हणून त्याचे तोंड मोजल्यास साधारण १८ मिलिमीटर भरेल आणि आपण चक्रावाल. जुन्या इंग्रजी घडणीच्या आडव्या-उभ्या डिझेल इंजिनांवर हेच नट असायचे. गुऱ्हाळाच्या इंजिनावर ते बसतात का पाहावे. बसले तर तिथे मेट्रिक पाना लावूच नये आणि तुटलेल्या बोल्टच्या जागी बाजारातला मेट्रिक बोल्ट ठोकून घालू नये, कारण एक-दोन फेरे तो आत जाईल आणि मग अडकेल किंवा आटे खराब करील. त्या पान्यांवरचा गंज रॉकेलमध्ये बुडवून काथ्याने काढावा, वर ऑइलचा हात फिरवावा आणि ते इंजिनाजवळच वेगळ्या डब्यात ठेवावेत, म्हणजे घाईच्या वेळी टिलरवर जाणार नाहीत.