छापलेली रेघ मापाला बरोबर का उतरत नाही?

प्रश्न : संगणकावर प्रत्येकी २०० मिलिमीटर लांबीच्या दोन रेघा, एक उभी व एक आडवी, काढून त्या लेझर प्रिंटरवर छापल्या. आडवी रेघ बरोबर भरली, उभी मात्र १९९ मिलिमीटर आली. त्याच कागदाची झेरॉक्स काढली, तेव्हा दोन्ही रेघा किंचित वाढल्या. यंत्रे बिघडली आहेत असे समजावे काय?

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. पानाच्या आकारात मजकूर बसवण्याचा पर्याय चुकून चालू राहिला असता, तर दोन्ही रेघा एकाच प्रमाणात आखडल्या असत्या. इथे एकच आखडली आहे, आणि दोषाचे मूळ त्यातूनच कळते.

छपाईचे यंत्र लांबी मोजत नाही. ते वेळ मोजते. आडव्या दिशेला फिरत्या बहुकोनी आरशावरून परावर्तित झालेला लेझरचा किरण ड्रमवर, म्हणजे ज्यावर आधी प्रतिमा उमटते त्या फिरत्या दंडगोलावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकतो आणि ठरावीक अंतराने उघडझाप करून ठिपके उमटवतो. उभ्या दिशेचे माप मात्र कागद किती वेगाने पुढे सरकतो यावर ठरते. ही दोन कामे वेगवेगळे भाग करतात, त्यामुळे दोन्हींतील चूकही वेगवेगळी असते. कागद ओढणारा रबरी रोलर २० मिलिमीटर व्यासाचा असेल आणि झिजून तो व्यास अवघा ०.१ मिलिमीटरने घटला, तर त्याचा परीघ अर्ध्या टक्क्याने कमी होतो, म्हणजेच २०० मिलिमीटरमागे बरोबर एक मिलिमीटर. इतकी झीज डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. उष्णतेने रोलर फुगला, तर परिणाम नेमका उलटा होतो.

शिवाय कागदही स्थिर नसतो. टोनर, म्हणजे शाईऐवजी वापरली जाणारी पूड, वितळवण्यासाठी कागद साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सियस तापलेल्या रोलरखालून जातो. तिथे त्यातील ओलावा उडतो आणि तो आकसतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेला अधिक. पाठपोट छपाईत हे फार जाणवते, कारण दुसरी बाजू आधीच आकसलेल्या कागदावर छापली जाते व त्यामुळे तिच्यावरील आकृती पहिल्या बाजूच्या तुलनेत किंचित मोठी ठरते. पुढे कागद हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेतो, म्हणून यंत्रातून निघालेला गरम कागद लगेच मोजणे योग्य नव्हे.

झेरॉक्समध्ये याखेरीज मूळ कागद वाचतानाची चूक मिसळते. भिंगाने प्रतिमा थेट ड्रमवर पाडणाऱ्या जुन्या यंत्रांत प्रतिमेचा आकार भिंग व आरशांच्या अंतरावर अवलंबून असे, आणि मूळ कागदाच्या कडांची काळी सावली प्रतीत येऊ नये म्हणून काही वेळा मुद्दामच किंचित वाढ ठेवलेली असे. एक टक्का वाढ क्षुल्लक वाटते. पण प्रतीची प्रत अशी दहा वेळा काढली, तर १०० मिलिमीटरची रेघ सुमारे ११०.५ मिलिमीटर होते.

एका इंचात ६०० ठिपके म्हटल्यावर माप अचूकच असणार, अशी समजूत सर्रास आढळते. ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा असतो हे खरे, परंतु त्यातून छपाईची सुबकता कळते, मापाची खात्री मिळत नाही. आपल्या रेघेतला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २४ ठिपके. ते गळालेले नाहीत, सगळेच थोडे जवळ आले आहेत.

मापाचा नकाशा वा बेतण्याचा नमुना छापायचा असेल, तर त्याच पानावर उभी व आडवी अशा दोन मापपट्ट्या अवश्य काढाव्यात. १:१००० असे केवळ लिहिलेले प्रमाण प्रतीत खोटे ठरते. मापपट्टी मात्र आकृतीबरोबरच वाढते किंवा आखडते. आपल्या प्रिंटरसाठी फक्त उभ्या दिशेला १००.५ टक्के वाढ द्यावी आणि कागदाचा प्रकार बदलल्यास पुन्हा मोजून पाहावे. याहून काटेकोर माप हवे असल्यास कागद सोडून ओलाव्याने फारशी न बदलणारी पॉलिएस्टरची फिल्म वापरावी, पण ती लेझर प्रिंटरची उष्णता सोसणारी आहे याची आधी खात्री करून घ्यावी.